घर फिरतं की तुम्ही?

डॉक्टरांच्या दवाखान्याखाली औषधांचं दुकान म्हणजे देवळाबाहेर नारळाचं दुकान, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून तर सोलापुरात बाळीवेशीजवळच्या त्या कोपऱ्यावर, वरच्या मजल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टर बसतात असं कळल्यावर मी डोळे झाकून गाळा घेतला. पुढं कळलं की आमच्या नशिबाला देव असा आलाय, ज्याला नारळच चालत नाही. बाई औषध लिहीतच नसत. जिन्यावरून पेशंट उतरताना दिसला की मी काउंटरवर सरसावून बसायचो, आणि तो माणूस हातातल्या कागदाची घडी घालून खिशात टाकत, माझ्याकडे बघून गोड हसत निघून जायचा. एकदा न राहवून मी एकाचा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'सकाळी एकदम उठू नये. थोडा वेळ पलंगाच्या कडेवर बसावे.' आता हे मी कुठल्या कंपनीचं देणार?

त्यांचं नाव डॉक्टर वत्सला दुधनीकर, पण सगळे त्यांना 'कानाच्या बाई' म्हणायचे. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळं घरात कानडी, दवाखान्यात मराठी आणि संतापल्या की दोन्ही. बुटक्या, जाडसर, अंगावर कायम इरकल, पदर कमरेला खोचलेला आणि कपाळावर कान तपासायचा तो गोल आरसा. तो काढायचं त्यांना भान नसायचं. एकदा तशाच मंडईत गेल्या आणि वांगी निवडायला वाकल्या, तर भाजीवालीनं त्यात बघून आपलं कुंकू नीट करून घेतलं. तिचं होईपर्यंत बाईही मान न हलवता थांबल्या होत्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "वांगी चांगली दिली हो तिनं."

त्या आता नाहीत. त्यांची आठवण काढायची तर मला सिद्रामची गोष्ट सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. सिद्राम आमच्या मागच्या गल्लीतला, चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारा, उंचापुरा, लाजाळू. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत जे उंच नंदीध्वज निघतात त्यांना आम्ही सोलापूरकर सरळ 'काठ्या' म्हणतो. त्यातली एक काठी आमच्या कोपऱ्यापासून पुढं पेलायचा मान त्या वर्षी पहिल्यांदा त्याला मिळणार होता. त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, ती कैक वर्षं पेलली आणि गुडघे गेले तेव्हा सोडली. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात सिद्रामला मान वर केली की गरगरायला लागलं. काठी पेलणाऱ्याला तर मान वर करावीच लागते. बुंधा कमरेच्या पट्ट्यात आणि नजर वर शेंड्यावर. नजर ढळली तर काठी गर्दीवर यायला वेळ लागत नाही. सिद्राम काठी धरणार की नाही, हा त्या वर्षी मोठाच प्रश्न होता आणि तो आधी फक्त तिघांना माहीत होता, त्याला, बाईंना आणि मला. पण आधी बाई तुम्हाला कळल्या पाहिजेत. नाहीतर त्यांनी पुढं भर यात्रेत माझ्या दुकानात जे केलं, ते तुम्हाला वेडेपणाच वाटेल.

बाईंच्या दवाखान्यात 'चक्कर' या शब्दाला बंदी होती. तशी पाटीच होती भिंतीवर. "चक्कर येते असे सांगू नये. काय होते ते सांगावे." तरी नवा माणूस आत जाऊन तेच म्हणायचा.

"बाई, चक्कर येती."

"ते झालं. होतं काय?"

"चक्करच की."

"अहो, चक्कर ही झाकलेली टोपली झाली. कुणाच्या टोपलीत वांगी असतात, कुणाच्यात दगड. झाकण काढा की."

मग माणूस गोंधळायचा. इतकी वर्षं टोपली घेऊन इतक्या दारांत गेलो, झाकण काढायला कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. तेव्हा बाई पुढं वाकून त्यांचा तो प्रश्न विचारायच्या, "घर फिरतं की तुम्ही फिरता?"

हा प्रश्न ऐकून रागावून उठून गेलेले लोक मी पाहिलेत. एक रिटायर्ड साहेब तर खाली येऊन मला म्हणाले, "या बाई शुद्धीवर आहेत ना?" पण बहुतेक माणसं विचारात पडायची, डोळे मिटायची, आणि पहिल्यांदाच आपल्या अंगात काय चाललंय याच्याकडे नीट लक्ष द्यायची.

त्या पाटीमुळं बाहेरच्या बाकावर जे चालायचं ते खाली माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. आत गेल्यावर बोलणं खायला नको म्हणून लोक बाहेरच तालीम करायचे. एक म्हणायचा, "मला भोवळ येती." दुसरा विचारायचा, "पडता का?" "पडत न्हाय, पडल्यागत होतंय." "मग ती भोवळ न्हाय, झोक जातोय तुमचा." तेवढ्यात कोपऱ्यातली म्हातारी म्हणायची, "माजं तसलं कायबी न्हाय. उटलं की डोळ्यांम्होरं काळं काळं येतंय निस्तं." मग सगळे तिच्याकडे वळून, "ही अंधारी, ही अंधारी," म्हणून एकमेकांना सांगायचे. आपलं सोडून दुसऱ्याचं ओळखण्यात माणसाला फार आनंद असतो.

बाईंना या शब्दांचा भारी सोस. सगळं गरगरतं म्हणालात, तर त्या कानाशी जायच्या. उभं राहिल्यावर अंधारी येते म्हणालात, तर रक्तदाब बघायच्या आणि विचारायच्या, "सकाळपासून पोटात काय गेलंय?" बाईमाणूस असली आणि वार उपासाचा गुरुवार असला, तर टेबलाच्या खणातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढून समोर ठेवायच्या, "आधी हे खा, मग देवाचं माझ्यावर घाला." बसल्यावर ठीक आणि चालताना झोक जातो म्हणालात, तर तळपायाला कापूस लावून विचारायच्या, कळतंय का, साखर कधी तपासली. डोकं नुसतं पोकळ पोकळ वाटतं म्हणालात, तर खुर्चीत मागं रेलून, "झोप येते का? घरात कुणाशी भांडण?" असं सुरू व्हायचं. आणि कुणी म्हणालं की मला काही कळलंच नाही, एकदम पडलो, शुद्धीवर आलो तेव्हा लोक जमले होते, तर बाई सगळं सोडून उठायच्या. "माझ्याकडे कशाला आलात, आधी हृदयाच्या डॉक्टरकडे." मला वरून हाक मारून रिक्षा थांबवायला लावायच्या. मग रिक्षात बसेपर्यंत त्या माणसाचा दंड सोडायच्या नाहीत.

इंग्रजी नावांची माणसाला जी धास्ती बसते, तिच्यावर त्यांचा फार राग. विणकाम करणाऱ्या घरातल्या नरसम्मा एकदा कुठलासा रिपोर्ट छातीशी धरून आल्या. जिन्यातच रडत होत्या. आधीच्या दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो झालाय. एवढं मोठं नाव असलेल्या रोगातून कोण वाचतं, असं त्यांना वाटलं. मुलीला हैदराबादहून बोलावून घेतलं होतं, दागिन्यांची वाटणीही सांगून झाली होती.

बाईंनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला. "तुम्ही त्या डॉक्टरांना काय सांगितलं होतं?"

नरसम्मा डोळे पुसत म्हणाल्या, "म्हटलं, झोपल्या झोपल्या कुशी बदलली की अचानक गरगरतं. थोड्या वेळानं आपोआप जातं."

"मग त्यांनी तुम्हाला तेच परत सांगितलंय की. व्हर्टिगो म्हणजे गरगरणं. पोझिशनल म्हणजे कुशी बदलली की. पॅरॉक्सिझमल म्हणजे अचानक येतं आणि जातं. आणि बिनाइन म्हणजे मरत नाही माणूस. तुमचीच तक्रार आहे, फक्त सूटबूट घालून आलीय."

नरसम्मांनी रिपोर्ट सरळ करून परत बघितला. "म्हणजे मी म्हटलं तेच?"

"तेच. पुढं त्याचं करायचं काय, ते आता मी करते. झोपा."

बाईंचं ते करणं म्हणजे माणसाला टेबलावर आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर खाली लोंबकळतं ठेवायचं, मग ते हळूहळू एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरवायचं, मग कुशीवर वळवायचं आणि शेवटी उठवून बसवायचं. त्यांचं म्हणणं, कानाच्या आत खोल वाळूसारखे बारीक खडे असतात, देवानंच ठेवलेले, तोल कळावा म्हणून. कधीकधी ते आपली जागा सोडून शेजारच्या नळीत जाऊन बसतात, आणि मग डोकं हललं की कान खोटं बोलायला लागतो. डोळे, कान आणि पाय हे आपल्या तोलाचे तीन पंच. दोघं म्हणतात माणूस स्थिर आहे, तिसरा म्हणतो फिरतोय, आणि मेंदू बिचारा कुणाचं खरं मानू म्हणून गरगरतो. डोकं फिरवून खडे परत घरी पाठवायचे, एवढंच काम. त्याला माझ्या दुकानातलं काही लागत नाही, हे मला वेगळं सांगायला नको.

या खड्यांवरून एकदा मोठीच मजा झाली. करकंबचे एक ऊसवाले पाटील आले होते. बाईंनी त्यांना कानातले खडे सरकलेत असं समजावलं, डोकं फिरवलं, आणि परत या म्हणून सांगितलं. पाटील आले ते बऱ्याच दिवसांनी, तोंड वाकडं करून. गरगरणं गेलं होतं, पण पोट बिघडलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, खडा म्हटल्यावर घरच्यांनी ओळखलं की हा मुतखड्याचाच भाऊबंद. त्यांच्याकडे मुतखड्यावर रोज पानफुटीच्या पानांचा रस देतात. तो तर दिलाच, पण खडा कानात आहे म्हणून म्हातारीनं नवऱ्याला रोज रस पाजून अर्धा तास त्या कानावर झोपवलं, खडा खाली उतरावा म्हणून.

बाई हसल्या नाहीत. गंभीरपणे म्हणाल्या, "पाटील, तुमच्या मंडळींचं निदान चुकलं, पण दिशा बरोबर होती. कानावर झोपवायचं त्यांना सुचलं, हे काय थोडं आहे? रस तेवढा बंद करा." पाटील गेल्यावर मात्र खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुढं कितीतरी दिवस कुणीही आलं की मला खाली हाक मारून विचारायच्या, "औषधवाले, पानफुटी आहे का?"

मला त्या कायम 'औषधवाले' म्हणायच्या. मी एकदा वैतागून वर गेलो. म्हटलं, "बाई, महिन्यातून एखादी तरी गोळ्यांची पट्टी लिहीत जा. तुमच्यामुळं मलाच चक्कर यायला लागलीय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "घर फिरतं की तुम्ही?"

"धंदा फिरतो."

"मग कान चांगलाय तुमचा. बसा, चहा घ्या."

अशा बाईंच्या दवाखान्याखाली सिद्राम त्या हिवाळ्यात एका दुपारी येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत घुटमळला आणि मग हळूच म्हणाला, "काका, चक्करची गोळी द्या की."

"कुणाला?"

"एका दोस्ताला."

दोस्ताला काय होतं विचारलं तर दोस्ताचं सगळं त्याला अंगावर शहारा येईल इतकं तपशिलात ठाऊक. म्हटलं, दोस्ताला घेऊन वर जा. तो हलेना. वर जाताना कुणी बघितलं तर? काठी धरणाऱ्याला असलं काही होतं हे कळलं तर संपलंच, पुन्हा कुणी बुंध्याला हात लावू देणार नाही. अप्पांनी वर्षभर आधी स्वतःची बाराबंदी आणि धोतर त्याच्या मापाचं करून ठेवलं होतं. शेवटी जेवणाच्या वेळी, बाकडी रिकामी असताना, मीच त्याला हाताला धरून वर नेलं.

बाईंनी त्यांचा प्रश्न विचारला. सिद्राम डोळे मिटून म्हणाला, "घर फिरतं. मान वर केली की गर्रकन. उजव्या कुशीवर वळलो तरी. जरा वेळानं थांबतं. मी जागच्या जागीच असतो."

बाईंचा चेहरा असा फुलला की मी तसा संक्रांतीच्या तिळगुळानंही फुललेला बघितला नव्हता. "शाबास. अर्धं काम तूच केलंस." त्यांनी त्याला आडवं केलं, डोकं कडेबाहेर सोडलं, आणि मला हाक मारली, "बघा औषधवाले, डोळे कसे नाचतायत." खरंच, पोराचे डोळे आपल्या मनानं एका बाजूला थडथडत होते. पोराला मळमळायला लागलं, मी बादली धरली. बाईंनी डोकं फिरवलं, कुशीवर वळवलं, बसवलं. परत आडवं करून बघितलं तेव्हा डोळे शांत होते.

सिद्राम बाईंच्या पायाच पडायला लागला. बाई म्हणाल्या, "थांब. आज बरं वाटतंय, पण हे परत येऊ शकतं. कुणाला सांगितलंयस?"

"कुणालाच न्हाई."

"मग काठीला हात लावायचा नाही."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "बाई, मिरवणुकीपुरती गोळी द्या. तेवढा एकच दिवस."

"गोळीनं कान झोपतो. झोपलेल्याच्या हातात कोण काठी देतं? आणि ती पडली तर तुझ्या अंगावर नाही पडणार, खाली लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बायांवर पडेल."

"सांगितलं तर काढतील मला. अप्पा एवढ्यासाठीच जगलेत असं म्हणतात रोज."

"नाही सांगितलंस तर मी सांगेन," बाई म्हणाल्या, आणि मग कपाळावरचा आरसा सारखा करत, "मी नाही सांगणार. तुझं तूच सांगायचंस. मी बाजूला उभी राहते."

बाईंना गर्दी, धूळ, ढोल कशाचंच प्रेम नव्हतं. तरी त्या संध्याकाळी दवाखाना लवकर आटोपून काठीच्या सरावाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, कपाळावर अर्थातच आरसा. मलाही बरोबर नेलं. तिथं मुख्य होते मल्लूअण्णा. सगळ्यांत वडील, पिळदार मिशा, आवाज असा की ढोल गप्प व्हावेत. सिद्रामनं त्यांच्यापुढं उभं राहून, मान खाली घालून, जसं बाईंना सांगितलं तसं सगळं सांगितलं. वर बघितलं की घर फिरतं.

मला वाटलं, झालं. मल्लूअण्णा मिशीवरून हात फिरवत जमिनीकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "मला बी होतंय की. कुणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी जिन्यावर काठी पेलणाऱ्या पैलवानांची रांग. ती भरदार माणसं त्या चिमुकल्या बाकड्यांवर गुडघे जवळ घेऊन बसलेली, आणि पाटीकडे बघत ओठातल्या ओठात पुटपुटतायत. आमच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी लगेच त्यांची शिकवणी घेतली. "अंधारी का गरगर? नीट आठव की रे." बाईंनी एकेकाला आत घेतलं. मल्लूअण्णांचं रक्तदाबाचं निघालं, ते त्यांनी कधी तपासलंच नव्हतं, पुढं औषधानं आटोक्यात आलं. एकाचा नवा दुहेरी चष्मा, खालच्या भिंगातून जमीन जवळ यायची आणि पाय चुकायचा. एकजण उपास करून सरावाला यायचा. आणि एक धिप्पाड गडी बराच वेळ खुर्चीत चुळबुळत म्हणाला, "बाई, मला तसलं काय होत न्हाई. मला भ्या वाटतं." बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आज आलेल्यांत सगळ्यात स्वच्छ तूच सांगितलंस." तो लाजला.

त्या दिवशी मल्लूअण्णांनी आणि बाईंनी मिळून एक रीत घालून दिली. काठी घेताना किंवा पेलताना ज्याला काही होईल त्यानं शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि काठी सोपवायची. त्या वेळी त्याला काही विचारायचं नाही. नंतरही हसायचं नाही. या अटीवर सिद्रामचा मान कायम राहिला. घरी मात्र त्यानं काही सांगितलं नाही. अप्पांना उगीच घोर नको म्हणून.

संक्रांत आली. आमच्या कोपऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. अप्पांना चालवत नव्हतं म्हणून त्यांची खुर्ची माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवली होती. कडक इस्त्रीचं धोतर, दोन्ही हात काठीवर, म्हणजे टेकायच्या काठीवर, आणि डोळे रस्त्याच्या टोकाला. बाई जिन्याच्या तळाशी उभ्या. हर्र हर्र करत माणसांचा लोट आला आणि त्यामागं ती उंच काठी डुलत आली. सिद्राम पांढऱ्या बाराबंदीत पुढं झाला. पट्टा आवळला. बुंधा हातात घ्यायच्या आधी त्यानं एकदा मान वर करून शेंड्याकडे बघितलं. लगेच खाली केली. परत वर केली. आणि मग मल्लूअण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

मल्लूअण्णांनी एक शब्द न बोलता काठी आपल्याकडे घेतली. गर्दीत कुणाला काही कळलं नाही, काठी थांबलीसुद्धा नाही. कळलं ते मला, बाईंना आणि अप्पांना. अप्पांच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं.

बाई पदर खोचून त्या लोटात घुसल्या. एवढीशी बाई, पण सिद्रामला मनगटाला धरून ओढत दुकानात आणलं. "औषधवाले, बाक मोकळा करा." मी बाकावरची खोकी खाली ढकलली. त्यांनी त्या पोराला, नव्या कोऱ्या बाराबंदीसकट, बाकावर आडवं केलं, डोकं कडेवरून खाली सोडलं आणि आपलं काम सुरू केलं. बाहेर ढोल वाजतायत, हर्र चाललाय, आणि माझ्या दुकानात यात्रेचा मानकरी उलटा लोंबतोय. दारात माणसं वाकून बघायला लागली. एक बाई हात जोडून म्हणाली, "अंगात आलं का?" मी म्हटलं, "नाही हो, कानात खडा सरकलाय. पुढं व्हा." ती तरीही नमस्कार करूनच गेली.

डोळे शांत झाल्यावर बाईंनी त्याला बसवलं. सिद्राम तोंड झाकून रडायला लागला. "अप्पा, नाही जमलं."

अप्पा खुर्चीतून कसेबसे उठून आत आले होते. पोराकडे न बघता, समोरच्या कपाटातल्या खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, "माझं फिरलं होतं एकदा. तुझ्या जन्माच्या आधी. मी कुणाला बोललो नाही. काठी सुटली हातातून. पलीकडच्या गड्यानं झेप घालून धरली म्हणून माणसं वाचली. लोक म्हणाले, वारा होता. मीबी म्हटलं, वारा होता." मग त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "वारा नव्हता रे. तू माझ्यापेक्षा चांगलं केलंस."

माझ्या दुकानात त्या क्षणी औषध घ्यायला कुणी आलं असतं तर मला काही देता आलं नसतं. डोळ्यांना दिसतच नव्हतं.

"आज धरायची नाही," बाई सिद्रामला म्हणाल्या. "मागं मागं चाल. पुढच्या वर्षी बघू." तो तोंड धुऊन, पाणी पिऊन काठीच्या मागं गेला, आणि बाई बाकावर बसून म्हणाल्या, "आता मला कुणीतरी चहा द्या."

वर्षभर सिद्राम ठरल्या दिवशी येत राहिला. घरी स्वतःचं डोकं कसं फिरवायचं तेही शिकला. बाई दर वेळी त्याला आडवं करून डोळे बघायच्या आणि समाधानानं मान डोलवायच्या. त्यांची स्वतःची तब्येत त्या वर्षी उतरली होती, जिना चढताना मध्ये थांबायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वय होतं." सगळ्या गावाला काय होतं ते सांगायला लावणारी बाई स्वतःचं काही सांगायची नाही, याचा मला आजही राग येतो. पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मी दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर आत बसून राहिलो. मला त्या फार आवडायच्या. हे मीही त्यांना कधी सांगितलं नाही.

पण त्याआधी दुसऱ्या वर्षीची संक्रांत त्यांना मिळाली. त्या माझ्याशेजारी पायरीवर उभ्या होत्या, अप्पा खुर्चीत. काठी आली. सिद्राम पुढं झाला, पट्टा आवळला, मान मागं टाकून वर बघितलं, आणि बुंधा कमरेला घेतला. काठी डुलली, एकदा आमच्या बाजूला झुकली, अख्ख्या रस्त्यानं श्वास धरला, आणि मग ती सरळ झाली. झेंडूच्या माळा, शेंड्यावरचं ते चमकणं, निळं आभाळ. अप्पा वर बघत होते, मी वर बघत होतो, गच्च्यांवरच्या बाया, खांद्यावर बसलेली लेकरं, सगळे वर बघत होते. काठी पावलापावलानं पुढं गेली आणि वळणाआड झाली.

मी डोळे पुसून बाईंकडे वळलो. म्हटलं, "बाई, काय दिसत होती काठी. शेंडा बघितलात ना?"

बाईंची नजर अजून खाली रस्त्यावरच होती, जिथून तो गेला तिथं.

"शेंडा कुठला बघते मी? मी त्याचे पाय बघत होते," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा चुकले नाहीत हो."

आणि वर पेशंट बसलेत म्हणत, कठड्याला धरून, हळूहळू जिना चढून गेल्या.